दुपारी दोनचा राउंड

रामटेकेकाकांना फोनची भीती वाटायची. आलेल्या फोनची नव्हे, स्वतः करायच्या फोनची.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं आहे आणि ते नातेवाइकांना कळवायच्या तयारीत आहेत. सकाळचे अकरा वाजले असतील. प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं आणि दिवसभर ते उघडंच असायचं. काका हॉलमध्ये उभे होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. मोबाइल टीपॉयवर ठेवलेला. ते गॅलरीपर्यंत जाऊन आले, पाण्याचे दोन घोट घेतले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि परत गॅलरीकडे वळले. पुष्पाकाकू खाली बसून मेथी निवडत होत्या. मी घाबरून विचारलं, "काकू, काय झालं?"

"काही नाही वं," काकू मान वर न करता म्हणाल्या, "गोल्फचं बुकिंग करून राहिले."

शेवटी काकांनी फोन उचलला.

"नमस्कार. मी प्रभाकर रामटेके बोलतो. उद्या, बुधवार. दुपारी दोन वाजता. एक माणूस, नऊ होल. हो. आता तुम्ही सांगा."

पलीकडच्याने 'काय सांगू' असं विचारलं असावं.

"तुम्ही काय ऐकलं ते सांगा. नाही, नाही. 'ठीक आहे' नका म्हणू. वार सांगा. वेळ सांगा. नाव सांगा."

हे तीनदा झालं. फोन ठेवून काका खुर्चीत बसले आणि दोन्ही तळहात पँटीला पुसले. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ खाली येत होता. मला हसू आलं होतं, पण तो ओघळ पाहून मी गप्प राहिले.

काका वीज कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बुटके, सावळे, अंगाने काटक. सकाळी वंदना, मग चहा, मग घरातली सगळी विजेची बटणं तपासणं, हा त्यांचा क्रम होता. आभाळात बोटभर ढग दिसला की ते टीव्हीची पिन काढत, फ्रिजची पिन काढत आणि समोरच्या दारातून मला ओरडून सांगत, "वैशाली, पिन काढ वं!" रस्त्याने चालताना विजेची डीपी-पेटी दिसली की पलीकडच्या बाजूला जात. गणपतीच्या दिवसांत चौकातल्या रोषणाईच्या वायरी पाहून ते सरळ मागच्या गल्लीने फिरून घरी यायचे. इमारतीतली मुलं त्यांना 'डेंजरकाका' म्हणायची, डीपीवरच्या लाल पाटीवरून. काकांना ते माहीत होतं. ते कधी कुणावर रागावले नाहीत.

त्या वर्षी माझीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. चौकात एका गाडीने माझ्या स्कूटीला मागून उडवलं होतं आणि घोट्यात प्लेट बसली होती. हाड जुळलं, पण मागून हॉर्न वाजला की माझे पाय जागच्या जागी गोठायचे. डॉक्टर म्हणत होते, रोज चाला. मी इमारतीच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. जो तो सांगत होता, मनातून भीती काढून टाक. जणू काही ती चपलेत गेलेला खडा होती. काकांनी एकदा मला फाटकावरून परत येताना पाहिलं आणि विचारलं, "रस्त्याची भीती वाटते तुले?"

"हो."

"वाटणारच," ते म्हणाले. "मले बी वाटते. तू गवतावर चाल. उद्या दोन माणसाइचं बुकिंग करतो."

अशी मी गोल्फच्या मैदानावर गेले. माझ्या सात पिढ्यांत कुणी तिकडे फिरकलं नव्हतं, आणि काकांच्याही नाही. नोकरीत ते एका वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला होते. तिथे साहेबलोकांसाठी माळरानावर खड्डे खणून केलेलं एक मैदान होतं. बदली होऊन गेलेला एक साहेब फाटकी बॅग आणि पाच काठ्या क्वार्टरमध्ये टाकून गेला. काकांनी परत न्यायला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्या पाच काठ्यांवर ते खेळायला शिकले. मी पाहिलं तेव्हाही त्यांच्याकडे पाचच होत्या.

उमरेड रोडच्या बाजूला, हुडकेश्वर मागे टाकून पुढे गेलं की एका बिल्डरने बंगल्यांच्या स्कीमसोबत केलेलं नऊ होलचं मैदान होतं. बंगले फारसे विकले गेले नव्हते. गवत पावसाळ्यात हिरवं आणि एरवी पिवळं असायचं. पहिल्या दिवशी काकांनी मला मैदानाच्या मधोमध नेलं, काठी जमिनीवर टेकवली आणि म्हणाले, "वर पाह्य."

मी वर पाहिलं.

"एक तरी तार दिसते का?"

एकही नव्हती. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत नुसतं आकाश होतं. काकांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. त्यांच्या गळ्याखालची कातडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पण खेळायचं कसं आणि कुठे, हा प्रश्न होताच. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ, आणि काका पेन्शनवाले. नागपूरच्या आजूबाजूला त्यांना चार मैदानं ठाऊक होती. एक गणवेशातल्या लोकांचं, तिथे ओळखीचं पत्र लागायचं. एका क्लबमध्ये सभासदासोबतच जाता यायचं. एक कारखान्याच्या कॉलनीतलं, जिथे बॉल ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू पसरलेली असायची. आणि चौथं हे उमरेड रोडचं. कुठल्या मैदानावर सोमवारी गवत कापतात म्हणून कुणी येत नाही, कुठे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरच्याला सोडतात, क्रिकेटची मॅच असली की कुठलं मैदान ओस पडतं, हे सगळं काकांना पाठ होतं. पोळ्याच्या दिवशी ते खेळायला जायचे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचे. लग्नाच्या दाट तिथी ते पंचांगात पाहायचे. कुठलं मंगल कार्य म्हणून नव्हे, त्या दिवशी क्लबातले लोक कुठे असतील ते कळावं म्हणून. फोन दुपारी जेवणानंतर करायचा, असाही त्यांचा नियम होता. काउंटरवरचा माणूस तेव्हा सैल असतो, निम्म्या दरात हो म्हणतो. मला पहिल्यांदा दिसला तो अकरा वाजताचा फोन म्हणजे अपवाद होता. त्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत धीर धरवला नव्हता.

"स्वस्त वेळ म्हणजे कोणती सांगू?" एकदा गाडीत ते म्हणाले. चाळीसच्या वर ते कधी गाडी नेत नसत. "जे कोनालेच नको असते ते. उन्हाळ्यात दुपारचे दोन. पावसाळ्यात दुपारचे दोन. ऊन, नाही तर ढग."

उन्हाचं त्यांना काही वाटत नसे. मे महिन्यात, आख्खं शहर पडदे ओढून कूलरसमोर पडलेलं असताना, डोक्याला ओला पंचा बांधून आम्ही दोघंच त्या पिवळ्या मैदानावर असायचो. ढगांचं मात्र वेगळं होतं. ढग असले की ते बुकिंग रद्द करायचे, आणि रद्द करण्यासाठी पुन्हा फोन करावा लागायचा.

त्या सभासदवाल्या क्लबची गोष्ट मला अजून टोचते. काकांच्या जुन्या ऑफिसातला एक साहेब तिथला सभासद होता. त्याने फार आग्रह केला, या एकदा, पाहुणे म्हणून नाव टाकून ठेवतो. काकांनी आठवडाभर तयारी केली. कॉलरचा टी-शर्ट लागतो म्हणून बर्डीच्या बाजारात जाऊन विकत आणला. बूट दोनदा घासले. मी सोबत होते, मला फक्त चालायचं होतं.

फाटकावरच्या गार्डने वही पाहिली. "नाम नहीं है, अंकल. किसके साथ हो?"

काकांनी साहेबांचं नाव सांगितलं. गार्डने पुन्हा वही पाहिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "फोन लगा लो ना साहब को, मैं छोड़ दूँगा."

काकांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते मला म्हणाले, "थांबू थोडा वेळ. त्याइच्या ध्यानात येईल."

आम्ही फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभे राहिलो. गाड्या आत जात होत्या, गार्ड सलाम ठोकत होता. पाऊण तास गेला. मी दोनदा म्हटलं, "काका, द्या नंबर, मी लावते." त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी मी चिडले. "अहो, एका फोनचा प्रश्न आहे! तुम्ही काय चोरी करायला आलात का?"

"नाव नाही लिहिलेलं," काका म्हणाले. "नाव लिहिलेलं नसलं तं पुढं नाही जायचं. त्यानं तोंडी सांगतलं, मी तोंडी आत गेलो, असं नाही करायचं, वैशाली."

आम्ही घरी परतलो. नवा टी-शर्ट त्यांनी घडी करून कपाटात ठेवला. मला तेव्हा वाटलं, आयुष्यभर फाटकाबाहेर उभं राहिलेल्या माणसाची ही भीती आहे. असेलही थोडी. पण ती तेवढीच नव्हती.

खरी गोष्ट त्यांनी मला उमरेड रोडच्या मैदानावर, तिसऱ्या होलच्या बाकावर सांगितली. मी काही विचारलं नव्हतं. पुढची मंडळी हळू खेळत होती, म्हणून आम्ही थांबलो होतो. काका बॉल हातात घेऊन बोटांनी फिरवत होते.

"मी सबस्टेशनवर होतो," त्यांनी एकदम सुरू केलं. "नवीन होतो. दोन फीडर होते. वडगाव आनं वडेगाव."

फीडर म्हणजे सबस्टेशनातून एकेका भागाला वीज नेणारी लाइन, हे त्यांनीच मला समजावलं. शंकर नावाचा लाइनमन खांबावर काम करायला निघाला होता. त्याने फोन करून लाइन बंद करायला सांगितलं. फोनमध्ये खरखर होती. काकांनी ऐकलं वडगाव. त्यांनी वडगाव बंद केलं आणि फोनवर सांगितलं, 'बंद आहे.'

शंकर वडेगावच्या खांबावर चढला.

समोर एक टिटवी ओरडत इकडून तिकडे पळत होती.

"त्यानं तारेवर अर्थिंगची साखळी टाकायले पाहिजे होती, करंट असला तं जमिनीत जाते," ते म्हणाले. "तपासून मग हात लावायले पाहिजे होता. नाही टाकली त्यानं. म्हणून चौकशीत मी सुटलो. कागदावर माझी काही चूक नाही."

"मग काका..."

"पन 'बंद आहे' हे कोन म्हटलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आनं दुसरं सांगू? तो खाली पडला तं त्याले कोनी हात नाही लावला. दहा-बारा जन होते. सगळ्याइले वाटलं, त्याच्या अंगात करंट हाये. मी जाईपर्यंत बसले होते पाहत."

पुढची मंडळी हलली. काका उठले, बॉल ठेवला आणि मारला. बॉल सरळ गेला. त्यांचा बॉल नेहमी सरळच जायचा, लांब मात्र कधी जात नसे.

त्यानंतर मी त्यांच्या फोनला हसले नाही. त्यांच्याआधी उठून मीच बुकिंग करीन, असंही मी एकदा सुचवलं. ते नको म्हणाले. "भेव वाटते म्हणून करतो," एवढंच उत्तर मिळालं.

आता तो ऑक्टोबरमधला दिवस.

दसरा होऊन गेला होता. दुपारी दोनची वेळ, निम्मा दर. काकांनी सकाळी तीनदा गच्चीवर जाऊन आभाळ पाहिलं होतं. स्वच्छ होतं. मैदानावर आमच्या पुढे तिघं जण खेळत होते, कुठल्याशा कंपनीतले तिशी-पस्तिशीचे लोक, आणि त्यांच्या बॅगा सांभाळायला दौलत होता. दौलत पन्नाशीचा माणूस, कुहीकडच्या एका खेड्यातला. दोन एकर धान करायचा, आणि शेतात काम नसेल तेव्हा इथे कॅडी म्हणून यायचा. काकांची त्याची चांगली ओळख होती. आमची बॅग आम्हीच उचलायचो, त्यामुळे दौलतला आमच्याकडून काही मिळत नसे, तरी हरवलेला बॉल तो आम्हाला आणून द्यायचा आणि काकांना धानाची खबर सांगायचा.

सातव्या होलपाशी वारा पडला. इतका वेळ हलणारं गवत एकदम थांबलं. उमरेडच्या बाजूने एक ढग वर येत होता, खालून निळाकाळा आणि वरून कापसासारखा पांढरा. दुरून गडगडलं.

"चाल," काका म्हणाले. "गाडीत बसू."

आणि मी म्हटलं, "काका, लांब आहे अजून तो. दोनच होल राहिले."

हे मी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझा पाय दुखत नव्हता, काकांच्या काठीने मी पहिल्यांदा चार बॉल हवेत मारले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ढगाकडे पाहिलं. माझ्या आनंदावर पाणी नको म्हणून असेल किंवा आपली भीती माझ्यावर लादायला नको म्हणून, पण ते थांबले.

पाच मिनिटांत उजेड गेला. वीज चमकली की काका मोठ्याने आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन... गडगडाट आला की थांबायचे. पहिल्यांदा चौदा. मग नऊ. मग टपोरे थेंब सुरू झाले आणि काका चारवर थांबले.

"काठ्या फेक!" ते ओरडले. "खाली बस. पाय जुळव. कान झाक. हात नको टेकवू जमिनीले. आडवी नको होऊ!"

मी उतारावर उकिडवी बसले. काकांनी बॅग दूर भिरकावली आणि माझ्यापासून बरेच लांब जाऊन तेही बसणार, एवढ्यात त्यांनी पुढे पाहिलं.

आठव्या होलच्या चढावर मोहाचं एकच मोठं झाड होतं. ते तिघं आणि दौलत त्याच्याखाली उभे होते. बॅगा बुंध्याला टेकवलेल्या. एक जण मोबाइलवर ढगाचा व्हिडिओ काढत होता.

काकांचा असा आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. तो आवाज माणसाचा वाटला नाही. "झाडाखालून निघा! ए! निघा तिथून!" पावसात त्यांना ऐकू जात नव्हतं. त्यांच्यातल्या एकाने हात केला, जणू 'तुम्हीही इकडे या' म्हणत होता.

आणि काका पळत सुटले. सत्तरीला टेकलेला माणूस, वायर दिसली की गल्ली बदलणारा, उघड्या मैदानातून सरळ त्या झाडाच्या दिशेने. आकाश पांढरं होत होतं, विझत होतं आणि त्या प्रत्येक उजेडात ते थोडे पुढे गेलेले दिसायचे. मी ओरडत होते, "काका, परत या." मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

त्यांनी पहिल्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. दुसऱ्याला ढकललं. तिसरा आपणहून निघाला. "लांब लांब बसा! एकमेकाइले हात नका लावू!" दौलतही निघाला होता. चार पावलं आला. मग त्याला बॅगा आठवल्या. दुसऱ्यांच्या बॅगा होत्या, भिजल्या तर बोल त्याला लागणार होता. तो वळला.

"दौलत!" काका ओरडले.

मला आधी आवाज आलाच नाही. फक्त सगळं पांढरं झालं. मग कुणीतरी छातीवर फळी मारल्यासारखा धक्का बसला. डोळे उघडले तेव्हा झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली होती, जळल्याचा आणि ओल्या लाकडाचा वास येत होता, आणि दौलत बुंध्यापासून दोन हातांवर पाठीवर पडला होता. त्याची एक चप्पल दूर उडालेली.

ते तिघं पाहत उभे होते. एक जण म्हणाला, "हाथ मत लगाना, करंट होगा."

काका गुडघ्यांवर पडले होते. त्यांचे दात वाजताना मला दिसत होते. मी लंगडत त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा ते एकच वाक्य म्हणत होते, दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच, "विजेनं पडलेल्या मानसात करंट नाही राहत. नाही राहत. नाही राहत." मग त्यांनी दोन्ही हात दौलतच्या छातीवर ठेवले. क्षणभर नुसते ठेवले. आणि दाबायला सुरुवात केली.

तीस वेळा दाबायचं, दोनदा तोंडाने श्वास द्यायचा. शंकर गेल्यानंतर दर वर्षी सुरक्षेच्या प्रशिक्षणात ते पहिल्या बाकावर बसायचे, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. ते मोठ्याने मोजत होते. "वैशाली, ॲम्ब्युलन्स!"

माझ्या ओल्या बोटांनी तिसऱ्यांदा नंबर लागला. मी ओरडून सांगितलं, मैदानाचं नाव, उमरेड रोड, वीज पडली आहे, माणूस श्वास घेत नाही. मैदानाला दोन फाटकं होती. मागचं कायम कुलूपबंद. मी म्हटलं, "मागच्या गेटनं येऊ नका." पलीकडून "ठीक है, ठीक है, निकलते हैं" आलं.

"त्यानं काय ऐकलं ते विचार!" काका मोजता मोजता ओरडले. "अठरा, एकोणीस, विचार त्याले! कोनतं गेट?"

मी विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "आपने ही तो बोला मैडम, पीछे का गेट."

गडगडाटात माझं अर्धं वाक्य गेलं होतं. मी पुन्हा सांगितलं. पुढचं गेट. त्याच्याकडून म्हणवून घेतलं. पुन्हा म्हणवून घेतलं. मग मी तिथेच चिखलात बसले.

काका दमले तेव्हा त्यांनी त्या तिघांपैकी एकाला मनगट धरून खाली बसवलं. "इथं. तळहात इथं. जोरानं दाब, फासळी मोडली तरी चालते." तो रडत दाबत होता. मग पुन्हा काका. पाऊस सुरूच होता. किती वेळ झाला मला सांगता येणार नाही. एकदा दौलतच्या घशातून घरघर आली. काकांनी हात उचलले, गाल त्याच्या नाकाशी नेला आणि तसेच राहिले. मग म्हणाले, "घेऊन राहिला." त्यांनी दौलतला कुशीवर वळवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "घे गा दौलत. घे, आरामानं घे."

ॲम्ब्युलन्स पुढच्या फाटकाने आली.

दौलत वाचला. पायाचा तळवा भाजला होता, दोन फासळ्या मोडल्या होत्या, डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं ते झालंच. मैदानवाल्यांनी काकांचा सत्कार ठरवला, शाल, श्रीफळ, वर्षभर फुकट खेळायची मुभा. काका गेले नाहीत. काउंटरवरचा माणूस घरी बोलवायला आला तेव्हा त्याला म्हणाले, "मी भेलो म्हणून पळालो, बाप्पा. त्याइच्याकडं पळालो, एवढंच."

मला वाटलं होतं, आता त्यांची भीती जाईल. गोष्टींमध्ये जाते तशी. तसं काही झालं नाही. उलट ती वाढली. महिनाभर ते आतल्या खोलीतून फारसे बाहेर आले नाहीत. दार वाजलं की दचकायचे. आंघोळीला बसले की काकूंना बाहेर उभं राहायला सांगायचे. मी रोज जाऊन बसायची. त्या दिवशी मी 'दोनच होल राहिले' म्हटलं होतं, त्याबद्दल मला माफी मागायची होती. एकदा सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मी बी थांबलोच ना," म्हणाले. त्यावर पुढे आम्ही कधी बोललो नाही.

त्यांची मुलगी रायपूरला असते. तिने आईवडिलांना तिकडेच न्यायचं ठरवलं. घर आवरायला घेतलं तेव्हा डिसेंबर लागला होता. निघायच्या आठ दिवस आधी काका सकाळी माझ्या दारात आले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली. "कुहीले येतं का?" त्यांनी विचारलं. "दौलतचं घर पाहून येऊ." रायपूरला गेल्यावर त्यांची माझी फोनवर दोन-तीनदाच गाठ पडली, आणि पुढल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्यामुळे मी त्यांना नीट पाहिलं ते त्या दिवशी, शेवटचं.

गाडी मी चालवली. माझ्या लक्षातही आलं नाही की मी चालवते आहे. धान कापून झालं होतं, भाताच्या बांधीत नुसती खुंटं उभी होती आणि रस्त्याच्या कडेला मळणी चालली होती. भुसा उडत होता. दौलतचं घर गावाच्या टोकाला, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. त्याची बायको दारातच भेटली. "आत्ताच डोळा लागला त्याइचा," ती म्हणाली. "उठवू का?"

"नाही, नाही. झोपू दे," काका म्हणाले.

दौलत अंगणात उन्हात बाजेवर झोपला होता, चांगला कान उशीत दाबून, अंगावर पातळ चादर. ती चहा ठेवायला आत गेली. मी ओसरीवर बसले. काका बाजेपाशी उभे राहिले. थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग वाकून, अगदी सावकाश, त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवला.

दौलतने डोळे उघडले. आधी त्याला कळलं नाही, मग ओळख पटली. तो उठला नाही. तसाच पडून, हसून म्हणाला, "आहो न साहेब. जिवंत आहो मी."

काकांनी मान हलवली. पण हात काढला नाही. आतून चहाचा वास आला, बाई कपबशा घेऊन बाहेर आली, उभी राहिली, काका अजून तसेच वाकलेले होते, आणि त्यांचा हात दौलतच्या श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता.